अवे मॅचला जाताय? मग आधी परतीचं बघा

फुटबॉल सीझनची फिक्स्चर लिस्ट (कोणती मॅच कधी, कुठे) आली रे आली की अवे मॅचला, म्हणजे समोरच्या टीमच्या ग्राउंडवरच्या मॅचला, जाणारे लोक काय करतात, आधी ट्रेन बुक करतात, मग हॉटेल, मग ग्रुप बनवून त्यात जर्सीचे फोटो टाकत बसतात, आणि तिकिटाचं मात्र "मिळेल रे, बघू". सगळा क्रमच उलटा. मग टीव्हीवाल्यांसाठी मॅच शनिवारची सोमवारवर जाते, ट्रेनचे पैसे बुडतात, अवे एंडचं, म्हणजे पाहुण्या फॅनच्या स्टँडचं तिकीट मिळत नाही म्हणून कुणीतरी होम एंडमधलं, म्हणजे यजमान फॅनच्या बाजूचं घेतं, आणि आपला गोल झाल्यावर तोंडातून एक "येस्स" निघालं की स्टुअर्ड, म्हणजे ग्राउंडवर व्यवस्था बघणारी माणसं, येऊन उचलून बाहेर ठेवतात. दर सीझनला हेच.

म्हणून खाली क्रमाने लिहितोय. बरेचसे दाखले युरोपातले आहेत कारण अवे फॅनसाठी वेगळा स्टँड, वेगळं गेट, वेगळं तिकीट ही सिस्टीम तिथे पक्की बसलेली आहे, पण क्रम कुठेही गेलात तरी हाच. आणि हे सगळं कट्टर दुश्मन टीमच्या ग्राउंडचं धरून लिहिलंय, साध्या मॅचला यातलं निम्मं पुरेल.

## टप्पा १: अवे फॅनला आत घेतात का, हे आधी बघा

हसू नका, हा प्रश्न खरंच पहिला आहे. अर्जेंटिनात २०१३ पासून लीगच्या मॅचना पाहुण्या फॅनवर बंदी आली आणि नंतर ती थोडीफार सैल झाली तरी "जाऊ आणि बघू" असं तिथे चालत नाही. नेदरलँड्समध्ये अयाक्स आणि फेयेनूर्ड यांच्या मॅचना २००९ पासून पाहुण्या टीमचे फॅन आत नसतात. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या डर्बींना (डर्बी म्हणजे एकाच भागातल्या दुश्मन टीमची मॅच) २०१६ पासून एकाच टीमचे फॅन. फ्रान्समध्ये तर स्थानिक प्रशासन मॅचच्या थोडेच दिवस आधी आदेश काढून पाहुण्या फॅनना गावातच यायला मनाई करू शकतं, आणि तो आदेश मोडला तर स्टेडियमच्या जवळपास जर्सी घालून फिरणंसुद्धा महागात पडतं.

दुसरा प्रकार म्हणजे बंदी नाही पण अट आहे. वेल्समधली कार्डिफ विरुद्ध स्वान्सी मॅच कित्येक वर्षं "बबल" पद्धतीने झाली, म्हणजे पाहुण्या फॅनने आपल्या ग्राउंडवरून ठरलेल्या बसनेच निघायचं, पोलिसांच्या देखरेखीत पोचायचं आणि त्याच बसने परत. स्वतःची गाडी, ट्रेन, काही नाही. नेदरलँड्समध्येही रिस्की मॅचना तिकीट आणि प्रवास एकत्रच विकतात. अशा मॅचला तुम्ही आधीच स्वतःचं ट्रेनचं तिकीट काढून ठेवलं असेल तर ते सरळ वाया.

तपासा: आपल्या क्लबच्या वेबसाइटवर त्या मॅचचं अवे ट्रॅव्हलचं पान आलंय का? प्रवासाची अट आहे का? नसेल आलं तर थांबा, पुढचं काहीच बुक करू नका.

## टप्पा २: तिकीट, आणि तेही आपल्याच क्लबकडून

यावर जरा जास्त लिहितो कारण निम्मे लोक इथेच घसरतात.

अवे एंडची तिकिटं समोरचा क्लब विकत नाही. तो आपल्या क्लबला ठरावीक कोटा देतो आणि आपला क्लब आपल्या मेंबरना विकतो. हा कोटा किती असतो ते एकदा डोक्यात बसलं की "का मिळत नाही" हा प्रश्न पडत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ३,००० तिकिटं, आणि ग्राउंड ३०,००० पेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. जर्मनीच्या बुंडेसलीगात १० टक्के. युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, क्लब स्पर्धांमध्ये फक्त ५ टक्के. म्हणजे ४०,००० चं ग्राउंड असेल तर चॅम्पियन्स लीगला पाहुण्यांच्या वाट्याला २,००० खुर्च्या, आणि मोठ्या क्लबचे मेंबर लाखांत असतात. करा हिशोब.

ही मोजकी तिकिटं वाटायची कशी तर बहुतेक क्लब पॉइंट्सवर वाटतात. आधी जितक्या अवे मॅचना गेलात तितके पॉइंट्स, जास्त पॉइंट्सवाल्यांना आधी संधी. म्हणजे नवीन माणसाला डर्बीचं तिकीट पहिल्याच वर्षी मिळणं जवळपास अशक्य. मग करायचं काय? ज्या मॅचना कुणी जायला तयार नसतं त्या पकडायच्या. थंडीतली, आठवड्याच्या मधली, लांबच्या गावातली, तळातल्या टीमबरोबरची मॅच. पॉइंट्स तिथेच जमतात आणि अवे मॅचची सवयही तिथेच लागते, डर्बीला पहिल्यांदा जाऊन गोंधळून उभं राहण्यापेक्षा हे शंभरपट बरं. माझं तर स्पष्ट मत आहे की पहिली अवे मॅच दुश्मन टीमच्या ग्राउंडवर बघूच नये.

क्रम असा ठेवा:

१. सीझन सुरू व्हायच्या आधी मेंबरशिप. मध्येच घेतली तर बऱ्याच क्लबांत विक्रीची पहिली फेरी हुकते.

२. क्लबच्या अकाउंटवर नाव ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं. टोपणनाव नको, आडनाव अर्धं नको. इटलीत तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि गेटवर ओळखपत्राशी जुळवून बघतात, जुळलं नाही तर तुम्ही किती लांबून आलात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

३. ग्रुपने जायचं असेल तर सगळ्यांची अकाउंट आधीच एकमेकांना जोडून ठेवा. विक्री सुरू झाल्यावर जोडायला बसलात तर तोवर तिकिटं संपलेली असतात आणि मग चौघं एकीकडे आणि पाचवा घरी.

४. तिकीट मिळालं की लगेच बघा ते हातात कसं येणार. पोस्टाने, फोनमध्ये, की तिथे जाऊन घ्यायचं? युरोपातल्या काही मॅचना क्लब आधी फक्त व्हाउचर देतो आणि खरं तिकीट त्या शहरात ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेत, पासपोर्ट दाखवून मिळतं. ती वेळ दुपारी दोन ते पाच असेल आणि तुमचं विमान साडेपाचला उतरत असेल तर झालं.

इशारा: बाहेरून, म्हणजे सोशल मीडियावरच्या कुणा "माझ्याकडे एक एक्स्ट्रा आहे" वाल्याकडून घेऊ नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे. वर एकच कोड पाच जणांना विकलेला असतो, जो पहिला पोचला तो आत.

### आणि होम एंडचं काय?

"मी गप्प बसेन, जर्सी घालणार नाही, कुणाला कळणार?" असं म्हणणारे खूप. कळतं. तुम्ही शब्द बोलू नका, पण आपल्या टीमचा गोल हुकल्यावर डोक्यावर हात गेला की आजूबाजूच्या दहा जणांना कळतं, त्यांचा गोल झाल्यावर तुम्ही एकटेच बसून राहिलात की उरलेल्या शंभरांना. बहुतेक ग्राउंडच्या नियमांत लिहिलेलंच असतं की होम एंडमध्ये पाहुणा फॅन सापडला तर बाहेर काढणार, पैसे परत नाही. आणि खरं सांगू का, बाहेर काढलं तर नशीब समजा, कारण न काढता त्याच गर्दीबरोबर बाहेर पडणं जास्त वाईट. शिवाय ज्या होम फॅनच्या अकाउंटवरून ते तिकीट आलं त्याचंही सीझन तिकीट जाऊ शकतं, म्हणजे ज्या मित्राने मदत केली त्यालाच तुम्ही गोत्यात आणणार. साध्या मॅचला, शांत ग्राउंडवर, मित्राशेजारी बसून बघितली तर एकवेळ ठीक. डर्बीला अजिबात नाही.

## टप्पा ३: तारीख पक्की होईपर्यंत पैसे अडकवू नका

फिक्स्चर लिस्टवरची तारीख ही तात्पुरती असते, एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच पैसे वाचतील. टीव्हीसाठी मॅच निवडतात तेव्हा दिवस आणि वेळ दोन्ही हलतात, आणि डर्बी असेल तर ती टीव्हीवर निवडली जाणार हे धरूनच चाला, बऱ्याचदा पोलिसही म्हणतात की दुपारी लवकर घ्या म्हणजे लोकांना प्यायला वेळ मिळत नाही. त्यात दोघांपैकी एक टीम कपमध्ये पुढे गेली की लीगची मॅच आणखी सरकते.

तिकीट आहे पण वेळ पक्की नाही अशा मधल्या काळात फक्त फुकट रद्द होणारी बुकिंग करा, तीही हॉटेलचीच. स्वस्तात मिळतंय म्हणून रद्द न होणारी ट्रेन घेणं हा जुगार आहे.

तपासा: क्लबच्या पानावर वेळेसमोर "पक्की" असा शिक्का आहे का, टीव्हीची निवड त्या महिन्यासाठी जाहीर झाली का. दोन्ही हो असेल तरच पुढे.

## टप्पा ४: परतीपासून उलटं मोजा

आता प्रवास. लोक जायचं आधी ठरवतात, मी म्हणतो परतीचं आधी ठरवा, कारण जाताना उशीर झाला तर पहिली दहा मिनिटं हुकतील पण परतताना शेवटची ट्रेन हुकली तर रात्री दुश्मनाच्या गावात स्टेशनबाहेर बसायचं, तेही आपले रंग अंगावर घेऊन.

मोजायचं कसं ते बघा. किकऑफ रात्री ८ ला आहे. ४५ अधिक ४५, मध्ये १५ ची सुट्टी, आणि आजकाल स्टॉपेज टाइम (खेळ थांबला त्याची भरपाई) सढळ हाताने देतात म्हणून १० धरा. म्हणजे ९:५५. आता अवे फॅनना लगेच सोडत नाहीत हे लक्षात घ्या, रिस्की मॅचला बाहेरची गर्दी पांगेपर्यंत आतच थांबवून ठेवतात, कधी वीस मिनिटं, इटली-स्पेन-तुर्कीसारख्या ठिकाणी तासभर किंवा जास्तही. धरा तास. १०:५५ ला गेटबाहेर. तिथून स्टेशन चालत अर्धा तास, पोलिसांच्या घोळक्यातून चालवत नेलं तर पाऊण. पावणेबारा झाले की राव.

आणि नॉकआउट असेल तर? युएफाने २०२१-२२ पासून अवे गोलचा नियम (बरोबरीत परक्या ग्राउंडवर जास्त गोल केलेली टीम पुढे) काढून टाकला, त्यामुळे दोन लेग, म्हणजे दोघांच्या ग्राउंडवरची एकेक मॅच, मिळून बरोबरी झाली की थेट एक्स्ट्रा टाइम. ३० मिनिटं, अधिक मधला वेळ, अधिक पेनल्टी, म्हणजे वरच्या हिशोबात आणखी तासभर घाला. कपच्या रात्रीच्या मॅचला मी तर सरळ सांगतो, त्या रात्री परतायचा विचारच करू नका, झोपायची सोय करा आणि सकाळी निघा.

पर्याय तीन असतात आणि तिन्हींना आपापली खोड आहे. क्लबची किंवा फॅन ग्रुपची बस सगळ्यात सुरक्षित, अवे एंडच्या दारात सोडते, मॅच लांबली तरी थांबते, पण त्यांच्याच वेळेवर निघायचं आणि वाटेत कुठे उतरायचं नाही. ट्रेन मस्त, पण शेवटच्या गाडीची टांगती तलवार आणि स्टेशनवर दोन्हीकडचे फॅन एकाच वेळी. स्वतःची गाडी असेल तर पार्किंग ग्राउंडपासून लांब आणि अवे एंडच्या बाजूला घ्या, आणि मागच्या काचेवरचा स्कार्फ, स्टिकर, ते खेळण्यातलं छोटं टी-शर्ट, सगळं काढा. गाडी तिथे चार-पाच तास एकटी उभी राहणार आहे.

इशारा: इंग्लंडमध्ये मॅचसाठी खास ठरवलेल्या बस-ट्रेनमध्ये दारू नेणं-पिणं १९८५ च्या कायद्याने बंद आहे. मित्रांनी मिळून केलेली मिनीबससुद्धा यात येऊ शकते. बस थांबवून तपासतात आणि मग सगळ्यांचाच खोळंबा.

## टप्पा ५: अंगावर काय, बॅगेत काय

रंगांचा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर एकच नाही. क्लबच्या बसने अवे एंडच्या दारात उतरत असाल तर बिनधास्त जर्सी घाला. स्वतःहून शहरातून चालत जाणार असाल तर आतून जर्सी, वरून साधं जॅकेट, चेन गळ्यापर्यंत, स्कार्फ बॅगेत. गेट ओलांडलं की उघडा. बाहेर पडताना परत बंद.

पण "साधं जॅकेट" म्हणजे काय यात लोक चुकतात. त्या गावच्या टीमच्या दुसऱ्या दुश्मनाचा रंग घालून गेलात तर आगीतून फुफाट्यात. आणि काही जण हुशारी म्हणून यजमान टीमची टोपी घालून जातात, मग ती घालून अवे एंडच्या गेटवर उभे राहतात. स्टुअर्डला वाटतं हा होम फॅन, आणि मागच्या रांगेतल्या आपल्याच लोकांनाही तेच वाटतं. काळा, राखाडी, करडा, बस. तेही आधी बघून, कारण न्यूकॅसल किंवा युव्हेंटससारख्यांचा रंगच काळा-पांढरा आहे.

बॅग शक्यतो नकोच. इंग्लंडमधल्या बऱ्याच ग्राउंडवर ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत जात नाही आणि ठेवायला जागा मिळेलच असं नाही. खिशात मावेल तेवढं:

- ओळखपत्र, परदेशात असाल तर पासपोर्ट. झेरॉक्स चालेल असं गृहीत धरू नका.
- चार्ज केलेला फोन. तिकीट त्यात, ट्रेन त्यात, नकाशा त्यात, म्हणून पॉवर बँक पण लहान, मोठ्या विटेएवढ्या काही ठिकाणी गेटवर काढून घेतात.
- कार्ड, कारण पुष्कळ ग्राउंडवर आत रोख घेतच नाहीत, आणि थोडी रोख, कारण बाहेर उलटंही असू शकतं.
- औषधं असतील तर डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि क्लबला आधी कळवून.
- पावसाचा पातळ कोट. छत्री नाही. छत्री बऱ्याच ठिकाणी आत नेऊच देत नाहीत. अवे एंड बऱ्याचदा छपराच्या कडेला असतो, भिजायचं नशिबातच असतं.

झेंडा किंवा बॅनर न्यायचा असेल तर साइज आणि काठीची लांबी आधी विचारा, मोठ्या बॅनरला आग न पकडण्याचं सर्टिफिकेट मागतात. फ्लेअर, स्मोक बॉम्ब वगैरे तर घरीच ठेवा. इंग्लंडमध्ये ते पेटवायची गरज नाही, घेऊन आत जायचा प्रयत्न केला तरी गुन्हा. कोर्टाने बंदी घातली तर किमान ३ वर्षं ग्राउंडवर प्रवेश बंद आणि परदेशातल्या मॅचच्या वेळी पासपोर्ट पोलिसांकडे जमा. एका धुराच्या नळकांड्यासाठी.

## टप्पा ६: त्या शहरात पोचल्यावर

लवकर पोचा पण ग्राउंडला चिकटून राहू नका. अवे फॅनना कुठे थांबू देतात ते क्लबच्या पानावर किंवा फॅन ग्रुपकडे लिहिलेलं असतं, तिथेच जा. ग्राउंडजवळच्या पबच्या दारावर "फक्त होम फॅन" लिहिलेलं असेल तर ते गमतीत लिहिलेलं नसतं.

रस्ता आधीच नकाशावर बघून ठेवा. अवे एंड कुठल्या दिशेला आहे, स्टेशनवरून तिथे जायचा रस्ता होम एंडच्या समोरून जातो का. नकाशाचं ॲप जवळचा रस्ता दाखवतं, तो अनेकदा सरळ होम फॅनच्या गर्दीतून जातो. दहा मिनिटं जास्त चाला पण वळसा घाला. रस्त्यात फोन हातात धरून वर-खाली बघत उभं राहिलात की पाहुणा कोण हे सगळ्यांना कळतं.

एकटे असाल तर गाणं-घोषणा नको. वीस जणांचा ग्रुप असेल तर पोलिसच सोबत चालतील, मग त्यांनी सांगितलेला रस्ता सोडू नका, "आम्ही इकडून जातो" चालत नाही. कुणी विचारलं "कुठल्या टीमचा?" किंवा "किती वाजले रे?" तर थांबून बोलत बसू नका. वेळ विचारणं हा जुनाच डाव आहे, तुमचे उच्चार ऐकायचे असतात. आणि आम्ही अमुक पबमध्ये आहोत असा फोटो लगेच टाकायची हौस घरी आल्यावर भागवा.

## टप्पा ७: गेटवर

किकऑफच्या तासभर आधी गेटवर. डर्बीला दीड तास. अवे एंडला गेट कमी असतात आणि झडती जास्त, त्यामुळे शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळे एकदम आले की रांग हलत नाही.

तिकिटावर गेट, ब्लॉक, रांग, सीट असं सगळं असतं, त्यातलं गेट आधी वाचा. चुकीच्या बाजूने गेलात तर मधून आडवं जाता येत नाही, पोलिसांची भिंत असते, पूर्ण ग्राउंडला बाहेरून फेरी मारावी लागते, म्हणजे होम फॅनच्या मधून. फोनवरचं तिकीट रांगेत लागायच्या आधीच वॉलेटमध्ये उतरवून उघडून ठेवा. तीस हजार लोक एकाच टॉवरवर असले की नेट मरतं. स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नका, मशीनला फोन टेकवायची पद्धत असेल तिथे फोटोचा काही उपयोग नाही.

इशारा: रांग दाटायला लागली, छाती दाबली जातेय असं वाटलं, तर पुढे ढकलू नका, तिरकं कडेला सरका आणि स्टुअर्डला ओरडून सांगा. २०२२ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला पॅरिसमध्ये स्टेडियमबाहेर खरी तिकिटं असलेले, वेळेत आलेले लोकही चिंचोळ्या वाटेत तासन् तास अडकले आणि वर अश्रुधूर खाल्ला. चूक तुमची नसली तरी त्रास तुम्हालाच. किकऑफ हुकला तर हुकू दे.

दारू जास्त झालेल्या माणसाला गेटवरून परत पाठवतात, आणि अवे गेटवरचे स्टुअर्ड हे जरा जास्तच बारकाईने बघतात.

## टप्पा ८: आत गेल्यावर

पहिलं काम, बाहेर जायचा दरवाजा आणि टॉयलेट कुठे ते बघून ठेवा. दुसरं, आपल्या ब्लॉकमध्ये जा. अवे एंडमध्ये पुष्कळदा "कुठेही उभे राहा" असंच चालतं, तरी मोठ्या मॅचला स्टुअर्ड सीटवर आणून बसवतात.

बसवतात म्हणजे नावालाच. अवे एंड पूर्ण ९० मिनिटं उभा असतो. इंग्लंडमध्ये २०२२-२३ पासून परवानगी घेतलेल्या ग्राउंडवर रेलिंग असलेल्या सीटसमोर उभं राहणं अधिकृत आहे, बाकी ठिकाणीही लोक उभेच असतात. त्यामुळे लहान मुलं, म्हातारी माणसं, गुडघेदुखीवाले सोबत असतील तर तिकीट घेतानाच क्लबला सांगा, पुढच्या रांगा मागा. आणि जिन्याचं विचारा. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कला लीगच्या मॅचचा अवे एंड सातव्या लेव्हलवर, वरच्या टोकाला असायचा, चौदा जिने चढून जायचं आणि खेळाडू मुंगीएवढे. हे आधी माहीत असलेलं बरं.

गोल झाला की नाचा, ओरडा, त्यासाठीच आलोय. पण तीन गोष्टी नाही. ग्राउंडवर उतरायचं नाही, इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आनंदात उतरलो म्हणून सूट नाही. काही फेकायचं नाही, प्लास्टिकचा ग्लाससुद्धा. आणि शेजारच्या होम ब्लॉककडे तोंड करून इशारे करायचे नाहीत, मधल्या जाळीला चिकटून उभे राहणारे मॅच बघतच नाहीत, कॅमेरे मात्र त्यांनाच बघत असतात. समोरच्या क्लबच्या अपघातांवर, मेलेल्या लोकांवर गाणी म्हणणाऱ्यांच्या शेजारी असाल तर तिथून सरका. प्रीमियर लीगने २०२३ पासून यावर क्लबबंदी आणि केस दोन्ही सुरू केल्या आहेत, आणि फुटेजमध्ये तुम्ही गात होतात की नुसते उभे होतात हे सिद्ध करत बसावं लागेल.

हाफ टाइमला खाण्यापिण्याच्या रांगेत निम्मा वेळ जातो, ४० व्या मिनिटाला जा किंवा जाऊच नका.

## टप्पा ९: बाहेर पडणं

खरा घोळ इथेच होतो. हरतोय म्हणून ८० व्या मिनिटाला वैतागून एकटेच बाहेर पडणारे लोक होम फॅनच्या लवकर निघालेल्या टोळक्यात जाऊन सापडतात, तेव्हा पोलीस अजून आपापल्या जागी आलेले नसतात. थांबा शेवटपर्यंत. आणि जिंकलात तर डबल थांबा.

आत थांबवून ठेवलं तर भांडू नका, स्टुअर्डच्या हातात काही नसतं, निर्णय पोलिसांचा असतो. तेवढ्यात हे करा:

१. टॉयलेटला जाऊन या, पुढे तासभर मिळणार नाही.

२. जॅकेटची चेन वर, स्कार्फ आत.

३. ग्रुप मोजा. बाहेर हरवलो तर भेटायची जागा परत एकदा बोलून घ्या. ती ग्राउंडजवळ नको, स्टेशनचा अमुक प्लॅटफॉर्म किंवा बसचा नंबर अशी पक्की हवी.

४. ट्रेनचं बघा, पुढची कोणती, शेवटची कोणती.

गेट उघडल्यावर जिन्यात पळू नका, मागून रेटा असतो. बाहेर आलात की मोठ्या घोळक्यासोबत राहा, मध्येच शॉर्टकट म्हणून गल्लीत शिरू नका. टॅक्सी बोलवायची तर अवे एंडसमोर नाही, पंधरा मिनिटं चालून मग. ट्रेनमध्ये दोन्हीकडचे लोक असतील आणि तुम्ही जिंकलेले असाल तर फोनवर हायलाइट मोठ्या आवाजात लावू नका, एवढी अक्कल बऱ्याच जणांना का नसते देव जाणे.

## टप्पा १०: काही बिघडलं तर

स्टुअर्डने विनाकारण बाहेर काढलं, गेटवर धक्काबुक्की झाली, तिकीट चालेना, तर तिथल्या तिथे वाद घालून फायदा नाही. स्टुअर्डच्या जॅकेटवरचा नंबर, गेट, वेळ लिहून घ्या, तिकीट डिलीट करू नका, सोबतच्या एक-दोघांचे फोन नंबर घ्या. युएफाचं लायसन्स हवं असलेल्या क्लबला २०१२-१३ पासून फॅनशी संपर्क ठेवणारा अधिकारी नेमावाच लागतो, त्याला सपोर्टर लायझन ऑफिसर म्हणतात. आपल्या क्लबच्या त्या माणसाला पहिला मेल करा, समोरच्या क्लबला नाही. मोठ्या अवे मॅचना तो बऱ्याचदा स्वतःच हजर असतो, म्हणून त्याचा नंबर निघायच्या आधीच फोनमध्ये टाकून ठेवा.

परदेशात पोलिसांनी पकडलं तर न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका, दुभाषा मागा, आपल्या वकिलातीला कळवायला सांगा. हॉटेलचा पत्ता आणि घरच्या एकाचा नंबर कागदावर लिहून खिशात असू दे, फोन काढून घेतला की पाठ असलेला एकही नंबर आठवत नाही.